ओल्या फळीचा दस्ता

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठली आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. हा माणूस गवंडी नव्हता, बंदुकांचे दस्ते बनवायचा. बंदुकीतलं लोखंड दुसऱ्या कुणाचं. खांद्याला टेकतं, गालाला लागतं आणि मुठीत मावतं ते लाकूड याचं. पण कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार आणि मगच बसणार. कप बशीच्या मधोमध नसेल तर याला चहा गोड लागत नसे. एकदा कुणाच्या मयताला गेला, तर रडणाऱ्या बायकांमधून वाट काढत त्यानं आधी भिंतीवरचं घड्याळ नीट केलं आणि मग डोळ्यांना रुमाल लावला. लग्न का केलं नाहीस म्हणून विचारलं तर म्हणायचा, "सरळ मुलगी मिळाली नाही." दोघी-तिघींनी यालाच नकार दिला होता, ते सांगायचा नाही.

गल्लीच्या टोकाला त्याची लांबट खोली होती. खिडकीखाली कामाचं टेबल, त्याला लाकूड आवळून धरायचा शिकंजा, पटाश्या रुंदीप्रमाणं ओळीत लावलेल्या. मागच्या भिंतीला लागून छतापर्यंत अक्रोडाच्या फळ्या वाळत रचलेल्या. प्रत्येक फळीच्या टोकाला लाल रंगात साल लिहिलेलं असे, झाड तोडल्याचं. त्याच्या उस्तादांचा नियम होता: बोटभर जाडीला एक वर्ष. दस्त्याची फळी तीन बोटं जाड, म्हणजे तीन वर्षं, आणि वर एक वर्ष आपल्या मनाच्या समाधानासाठी. ओळंबा सात वर्षं थांबायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अहो, तोवर मी मरेन." हा म्हणायचा, "मग तुमच्या मुलाचं माप घेऊन ठेवतो."

दुपारी गल्ली शांत झाली की त्या फळ्या बोलत. कट्, असा एक आवाज वरून, थोड्या वेळानं एक खालून. लाकूड वाळताना आवाज करतंच. नवीन माणूस दचकून मागं बघायचा आणि ओळंबा हसायचा.

रोज बाराला ताईच्या घरून डबा येई. आणायचे भाऊजी, ताईचे यजमान. ते शीतगृहाच्या फाटकावर पहारेकरी होते, कामावर जाता जाता डबा ठेवून जायचे. एक-दोन नव्हे, अठ्ठावीस वर्षं. गालात कायम एक लवंग. बोलणं बेताचं. टेबलावरच्या अर्धवट दस्त्यावरून एकदा हात फिरवायचा आणि निघायचं. वर्षातून एखादा दिवस मात्र फळ्यांकडे बघत विचारायचे, "आता किती वर्षं वाळवतोस रे?"

"सात."

"छान," असं म्हणून लवंग या गालातून त्या गालात.

आणि चार वाजता हाकाऱ्या यायचा. गल्लीत आधी कुबडीचा आवाज, ठक्, ठक्, मग दारात तो. एक पाय गुडघ्याखाली नाही. चहाच्या टपरीकडे जाताना तो दारात थांबायचा आणि रोज तेच विचारायचा, "काय ओळंबा, सरळ आहे ना सगळं?"

"सरळ आहे," ओळंबा मान वर न करता म्हणायचा. गल्लीतले लोक याला दोघांची जुनी गंमत समजत. गंमत नव्हती. कुबडी जवळ येऊ लागली की ओळंब्याच्या हातातली पटाशी थांबायची, आणि ती लांब जाईपर्यंत थांबूनच राहायची.

गेल्या थंडीत भाऊजी गेले. तेव्हापासून डबा भाची आणू लागली. सव्वीस वर्षांची पोर, पार्सलच्या ऑफिसात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर. हात असा स्थिर की शेजारी फटाका फुटला तरी पापणी हलायची नाही. एक दिवस ती डब्याबरोबर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं.

"मामा, ओळख."

चादर सोडायची गरजच नव्हती. आपल्या हातचं लाकूड माणूस नुसत्या आकारावरून ओळखतो.

"बाबांची. माळ्यावर होती. परवाना आता माझ्या नावावर झाला. पण मामा, हिच्या दस्त्याला बाक आलाय. बघ ना, पुढचा भाग डावीकडे गेलाय. एवढी सरळ करून दे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मैदानावर सगळे जमतात. मी हीच घेऊन उभी राहणार."

"दुसरी घे की. तुझी आहे ती चांगली आहे."

"दुसरी घेऊन काय उपयोग? लहानपणापासून ऐकतेय मी, वाकड्याची पोर, वाकड्याची पोर. याच बंदुकीनं तीन गोळ्या मधोमध मारून दाखवते. मग म्हणू दे कुणाला आमच्या घरात नेम नाही म्हणून."

ती गेली. डबा तसाच राहिला. ओळंबा बंदुकीसमोर स्टूल ओढून बसला, पण हात लावेना.

झालं होतं ते असं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ताईचं लग्न ठरलं तेव्हा भाऊजी टेकडीपलीकडच्या मोठ्या फळबागेचे राखणदार होते. रानडुकरं बाग उकरायची, म्हणून बागेनं बंदूक दिलेली, पण तिचा दस्ता फुटका. ओळंबा तेव्हा उस्तादांच्या हाताखालून नुकता सुटलेला, अंगात रग. म्हणाला, दस्ता माझ्याकडून, लग्नाची भेट. त्याच्याकडे एक फळी होती, तिच्या अंगावर धुरासारख्या रेघा. इतकं देखणं लाकूड त्यानं नंतर कधी पाहिलं नाही. पण टोकावर साल होतं, आणि त्या सालाप्रमाणं झाड तोडून अकराच महिने झाले होते. लग्नाला राहिला होता दीड महिना. ओळंब्यानं कानस घेतली आणि ते साल घासून टाकलं. अगदी थोडा वेळ लागला त्या कामाला.

दस्ता पाहून लोकांचे डोळे निवले. मग दमट हवेचे दिवस आले. ओल्या लाकडानं आणखी ओल प्यायली, दस्त्याचा पुढचा भाग डावीकडे वळला आणि उजव्या कडेनं नळीला ढकलू लागला. डोळ्याला दिसणार नाही इतकंच. पण शंभर पावलांवर वीतभर, दोनशे पावलांवर हात-दीड हात. एका संध्याकाळी, डुकरं हाकायला बागेनं ठेवलेल्या हाकाऱ्यानं आरडाओरडा करून डुक्कर झुडपातून काढलं आणि स्वतः बांधाआड बसला, एक पाय बाहेर. डुक्कर बांधाच्या उजवीकडून निघालं. भाऊजींनी त्याच्यावर नेम धरला आणि गोळी हाकाऱ्याच्या नडगीत गेली.

बागेच्या मॅनेजरनं बंदूक जमा करून ऑफिसातल्या कपाटात ठेवली. कपाट बंबाशेजारी. तीन आठवडे ऊब लागली आणि लाकूड मुकाट्यानं पुन्हा सरळ झालं. चौकशीच्या दिवशी मैदानावर तिच्यातून पाच गोळ्या मारल्या, पाचही मधोमध. मॅनेजरनं ओळंब्याला सगळ्यांसमोर विचारलं, "दस्ता तुम्ही केलात. काही दोष?"

"दस्ता माझा आहे," ओळंबा म्हणाला. "त्यात दोष नाही."

भाऊजींनी तेव्हा एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बघून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. नोकरी गेली. बागेनं बंदूकही नको म्हणून त्यांच्याच गळ्यात मारली, आणि गावानं त्यांचं नाव वाकड्या ठेवलं, वाकडा नेम म्हणून. मरेपर्यंत ते नाव होतं. एकाच घरातला एक मेव्हणा ओळंबा आणि दुसरा मेव्हणा वाकड्या, याच्यावर टपरीवर वर्षानुवर्षं विनोद झाले. हाकाऱ्याला कुबडी ओळंब्यानं स्वतःहून करून दिली. त्या कुबडीसाठी मात्र त्यानं नऊ वर्षं वाळलेली फळी काढली होती. तिला आजतागायत केसाएवढा बाक आला नव्हता.

आणि आता हा पेच. दस्ता सरळ केला, पोरीनं मधोमध मारलं, की सगळं मैदान म्हणणार, बघा, बंदूक चांगलीच होती, माणूसच वाकडा. मेलेल्या माणसाच्या नावावर कायमचा शिक्का. त्या पोरीला हे कळत नव्हतं, ओळंब्याला लख्ख कळत होतं. आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्याला आत कुठंतरी बरंच वाटलं. अठ्ठावीस वर्षं ज्याची धास्ती घेतली तो एकमेव पुरावा आपल्या पायांनी त्याच्या टेबलावर आला होता, आणि पुरावा पुसायला त्याच्यासारखा कारागीर पंचक्रोशीत नव्हता.

त्यानं नळी काढली. आतली खोबण, म्हणजे नळी बसते ती लांब पन्हळ, जुन्या ग्रीसच्या कडक थरानं भरली होती. ओळंबा एरवी आधी आत बघायचा आणि मग बाहेर. या वेळी त्यानं आत बघायचं टाळलं. गरम ओली फडकी गुंडाळली, वर दिवा ठेवून लाकूड मऊ होऊ दिलं, मग शिकंज्यात घालून उलट बाजूला वाकवलं, सरळपेक्षा थोडं जास्तच. लाकूड सोडल्यावर परत येतं, त्याचा हिशेब धरावा लागतो. चौथ्या दिवशी सोडलं, ताणलेला दोरा लावून पाहिला. सुतासारखा सरळ. त्यानं दस्ता टेबलावर ठेवला, समोरच बसून जेवला, आणि जेवून हात धुवायला मागं गेला.

परत आला तर दस्ता डावीकडे वळलेला.

बाहेर लख्ख ऊन होतं. हवा कोरडी ठणठणीत. ओळंब्यानं दोरा लावला. बाक तेवढाच होता, पहिल्याइतका, ना केसभर कमी ना जास्त. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण सुंभाला निदान जळायला वेळ लागतो. त्यानं दस्ता उचलला आणि झटक्यानं खाली ठेवला. गाल टेकायची जागा कोमट होती. दिवा सकाळपासून बंद होता.

ऊन आलं असेल खिडकीतून, त्यानं स्वतःला सांगितलं. खिडकी उत्तरेची होती. तिच्यातून ऊन कधीच येत नसे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

दुसऱ्या खेपेला त्यानं अख्खा दस्ता वाफेच्या पेटीत घातला. दुप्पट वाकवला, दोन शिकंजे, मध्ये लाकडी पाचर, आणि सहा दिवस हातसुद्धा लावला नाही. दरम्यान चार वाजता हाकाऱ्या येऊन गेला. "सरळ आहे ना सगळं?" "सरळ आहे." त्या क्षणी शिकंज्यातून कट् असा आवाज आला. ओळंब्यानं वर पाहिलं, वरच्या फळ्या असतील. सहाव्या दिवशी सकाळी कुलूप काढून आत आला तर पाचर जमिनीवर, टेबलापासून चांगली चार पावलं लांब. दोन्ही शिकंज्यांचे स्क्रू जसे आवळले होते तसेच घट्ट, आणि त्यांच्या जबड्यात दस्ता वळून बसलेला. डावीकडे.

भीती वाटत होती आणि रागही येत होता, लाकडाचा राग. त्यानं आयुष्यभर लाकडाला वाकवलं होतं, लाकडानं त्याला नव्हे. दस्ता पुन्हा वाफेत घातला. थोड्या वेळानं पेटीचं झाकण उघडलं, वाफेचा लोट तोंडावर आला आणि खोलीभर लवंगेचा वास सुटला.

तसं पाहिलं तर यात नवल नाही. या धंद्यातला प्रत्येक माणूस सांगेल, लाकूड जे पितं ते तापल्यावर परत देतं. घाम, डोक्याचं तेल, तंबाखू. जुना दस्ता वाफवताना मालकाचा वास येतोच. पण ही बंदूक भाऊजींच्या गालाला एका मोसमापेक्षा जास्त लागलीच नव्हती. तरी वास असा ताजा की भर दुपारी, डब्याच्या वेळेला, ओळंबा दाराकडे वळला आणि सवयीनं बोलून गेला, "या भाऊजी."

दारात कुणी नव्हतं. दहा मिनिटांनी डबा घेऊन भाची आली, आत पाय टाकताच थबकली. "मामा," ती हळूच म्हणाली, "बाबा आल्यासारखं वाटतंय इथं." मग लगेच डोळे पुसून हसली, "झाली का रे सरळ?"

"होतेय," ओळंबा म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं दस्ता पेटीतून बाहेर काढला. वाफेनं ग्रीसचा जुना थर सुटला होता आणि खोबणीतून ओघळत होता. आता आत बघण्यावाचून इलाज नव्हता. त्यानं फडकं घेतलं आणि पुसत गेला. उजव्या कडेला, टोकापासून चार बोटांवर, फडकं फिरवूनही एक काळा डाग जाईना. काजळीचा.

नळी लाकडाला कुठं घासते हे शोधायची ही रीत: नळीला दिव्याची काजळी लावायची, ती खोबणीत बसवायची, पुन्हा काढायची. लाकूड जिथं नळीला दाबत असेल तिथं काळं उठतं. दस्ता करताना त्यानं स्वतः ती रीत केली होती, पण मग काजळी पुसून टाकली होती. शिवाय तेव्हा लाकूड दाबत कुठं होतं? हा डाग नंतरचा. घाईत खोबणीला आतून तेल पाजायचं राहिलं होतं, म्हणून काजळी लाकडात मुरली होती. डागाभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला. गोलाखाली बारीक अक्षरात तारीख. रोज डब्यात भाऊजींची चिठ्ठी असायची, "भाजी गरम करून घे", त्याच अक्षरात.

तारीख गोळी लागली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्याच दुपारी भाऊजींनी बंदूक मॅनेजरकडे जमा केली होती.

म्हणजे ते सकाळी बसले होते. नळी काढली होती, काजळी लावली होती, पाहिलं होतं. मग वरून ग्रीस थापून सगळं झाकलं. चौकशीत ओळंबा "दोष नाही" म्हणाला तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आत उघडून बघा. ते म्हणाले नाहीत. टोपी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा आणू लागले. किती वर्षं वाळवतोस रे? सात. छान.

ओळंबा खुर्चीत नव्हे, खाली जमिनीवर भुशात बसला आणि लहान मुलासारखा रडला. चार वाजता दारातून नेहमीचा प्रश्न आला. त्यानं उत्तर दिलं नाही. कुबडी जरा वेळ थांबली, मग पुढं गेली.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. भिंतीवर भाऊजींची तसबीर किंचित तिरकी होती. त्यानं ती सरळ केली नाही, तेव्हाच ताईनं हातातलं काम खाली ठेवलं. त्यानं दस्ता तिच्या मांडीवर ठेवला, डाग दाखवला, आणि सालापासून चौकशीपर्यंत सगळं सांगितलं. ताईनं पेन्सिलीच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"दोनदा मी ती बंदूक भंगारात घालायला निघाले होते," ती म्हणाली. "दोन्हीदा अडवलं त्यांनी. म्हणायचे, राहू दे. तुझा भाऊ कधीतरी ती उघडेल. उघडेल त्या दिवसापासून त्याला घास गिळवायचा नाही. तोवर जेवू दे त्याला."

"तू विचारलं नाहीस, का म्हणून?"

"विचारलं. म्हणाले, तुला एकच भाऊ आहे."

ओळंबा तिचे पाय धरायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"माझ्यापुढं नको वाकू. सगळ्यांसमोर बोललास ना दोष नाही म्हणून? सगळ्यांसमोरच बोल. पोरीला मी काही सांगणार नाही."

शेवटच्या रविवारी ओळंब्यानं बंदूक जोडून भाचीच्या हातात दिली. दस्ता त्यानं पुन्हा शिकंज्यात घातलाच नव्हता. "मधोमध नेम धर," तो म्हणाला. "कुठं लागली ते बघू नकोस, कोण हसतंय ते ऐकू नकोस. तिन्ही गोळ्या तशाच मार. ऐकशील माझं?" तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली.

मैदानावर निम्मं गाव होतं. म्हातारा झालेला मॅनेजर छत्रीखाली बसला होता, आणि पहिल्या रांगेत हाकाऱ्या, कुबडी खुर्चीला टेकवून. पोरीनं गाल टेकवला. पहिली गोळी वीतभर डावीकडे. दुसरीही तिथंच. मागून कुणीतरी खिदळलं, "वाकड्याचीच पोर ती!" तिचे कान लाल झाले, पण हात हलला नाही. तिसरी गोळी. लक्ष्याचा कागद आणला तेव्हा तीन भोकं एका नाण्याखाली झाकतील इतकी जवळ होती, सगळी डावीकडे.

ओळंबा उठून पुढं गेला. त्यानं नळी काढली, दस्ता मॅनेजरच्या समोर धरला.

"हा नेम चुकलेला नाही. एका जागी तीन लागल्यात. चुकलंय ते लाकूड. दस्ता माझा आहे. फळी ओली होती, अकरा महिन्यांची. मला माहीत होतं, साल मी माझ्या हातानं घासलं. चौकशीच्या दिवशी इथंच खोटं बोललो. माझ्या भाऊजींना गोळी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, हा बघा डाग, ही तारीख. त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

भाचीनं त्याच्या हातातून दस्ता काढून घेतला, पेन्सिलीचं अक्षर पाहिलं आणि तो छातीशी धरून उभी राहिली. मामाकडे तिनं पाहिलं नाही.

हाकाऱ्या हळूहळू उठला. ओळंब्याला वाटलं, आता कुबडी डोक्यात बसणार, आणि बसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आणि ही?" हाकाऱ्यानं कुबडी पुढं केली. "हिचं लाकूड किती वर्षांचं?"

"नऊ."

"नऊ," हाकाऱ्या म्हणाला. त्यानं कुबडी ओळंब्याच्या पायाशी ठेवली, भाचीला म्हणाला, "पोरी, खांदा दे," आणि वाकड्याच्या पोरीच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत मैदानाबाहेर गेला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. डबा अजून येतो. भाची येत नाही, ताई स्वतः आणते, ठेवते. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, "त्यांनी जेवू दे म्हटलं होतं, म्हणून आणते." घास गिळवत नाही ते भाऊजींनी बरोबर ओळखलं होतं. वाकड्या हे नाव टपरीवर आता कुणी घेत नाही. ओळंबा हे नावही घेत नाहीत. दस्तेवाला म्हणतात.

हाकाऱ्याला दवाखान्यातून ॲल्युमिनियमची कुबडी मिळाली, खाली रबर लावलेली. तो दुसऱ्या गल्लीनं जातो. जुनी कुबडी दुकानाच्या कोपऱ्यात उभी आहे. मैदानावरून आणल्यावर तिसऱ्या दिवशी, चार वाजता, त्या कोपऱ्यातून आवाज आला, ठक्. दस्तेवाल्याला वाटलं पडली. पडली नव्हती. त्यानं तिला दोरा लावून पाहिलं, तर दोरा आणि लाकूड यांच्यामध्ये केसभर उजेड दिसला. नऊ वर्षं वाळलेली फळी, अठ्ठावीस वर्षं सरळ राहिलेली. आता रोज थोडी वळते. त्यानं एकदा शिकंजा खाली काढला होता, तो पुन्हा खुंटीला अडकवून टाकला.

चार वाजले की कोपऱ्यातून आवाज येतो. लाकूड हलताना असा आवाज होतो, हे त्याला धंद्यानं माहीत आहे. मग दारात कुणीतरी थांबावं तेवढा वेळ शांत जातो, पूर्वी जायचा तेवढाच. दस्तेवाला पटाशी खाली ठेवतो आणि रिकाम्या दाराकडे बघून म्हणतो, "नाही रे. सरळ नाही."